जकातीचा पत्ता

जकात किती द्यायची, हे आमच्या मोहल्ल्यातलं शाळकरी पोरही सांगेल. घरखर्च आणि देणी भागवून साडेसात तोळे सोन्याच्या किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक उरली आणि तिच्यावर एक चांद्र वर्ष उलटलं, की तिचा चाळिसावा भाग काढायचा. शेकडा अडीच. ती कुठल्या गावात द्यायची, हे मात्र विचारून बघा. गावात राहणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. तो तिथंच, त्याचा पैसा तिथंच आणि गरीब शेजारीही तिथंच. परदेशात कमावणाऱ्याचं तसं नसतं. तो एका देशात, पैसा दुसऱ्या देशात आणि गरजू दोन्हीकडं. मग त्याची जकात कुणाची?

मला हा प्रश्न नुसता हिशेबाचा वाटत नाही. माझ्या कमाईवर माझ्याशिवाय कुणाचा हक्क आहे आणि तो रक्ताच्या नात्यानं येतो की शेजारानं, हे त्यात दडलेलं आहे. माझं उत्तर हळूहळू ठरत गेलं. घरी ते सगळ्यांना पटलेलं नाही. तरी ते मांडावंसं वाटतं, कारण आखातात राहणाऱ्या आमच्या हजारो माणसांपुढं दर रमजानला हाच पेच उभा राहतो आणि बहुतेकजण सवयीनं सगळी रक्कम गावी पाठवून मोकळे होतात.

मी कुवेतमध्ये एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीला आहे, राहतो फहाहीलला. गाव चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीच्या काठी. पगार इथल्या बँकेत दिनारात जमा होतो. भाडं, बस, जेवण जाऊन उरेल ते एक्सचेंजमधून चिपळूणच्या शाखेतल्या माझ्या एनआरई खात्यात जातं. त्याच शाखेत माझं दुसरं खातं आहे, एनआरओ. गावच्या घराच्या वरच्या मजल्याचं भाडं आणि वडिलोपार्जित आंब्याच्या कलमांचा पैसा त्यात येतो. बाहेर जाणाऱ्याला ही दोन खाती समजून घ्यावीच लागतात, कारण देश सोडल्यावर जुनं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. एनआरई हे मुळात बाहेरच्या कमाईसाठी. त्यातलं मुद्दल आणि व्याज दोन्ही हवं तेव्हा परत बाहेर नेता येतं, आणि त्या व्याजाला भारतात आयकर नाही. एनआरओतल्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि वर सेस आधीच कापून घेते. ते पैसे बाहेर न्यायचे तर कर भरल्याचे कागद दाखवायचे आणि आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा पाळायची. आमच्यासारख्या पगारदाराला ती मर्यादा कधी आड येत नाही, कागद मात्र येतात.

शिवाय बायकोच्या अंगावरचं सोनं आहे आणि कंपनीकडं साठत चाललेली इंडेम्निटी आहे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम. इथल्या कायद्यानं पहिली ५ वर्षं दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार, पुढं वर्षाला एका महिन्याचा. ती अजून हातात नाही, तिच्यावर माझा ताबा नाही, म्हणून ती आज धरायची नाही. वापरातल्या दागिन्यांवर आमच्या शाफई मजहबात, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखेत, जकात नाही, हनफींमध्ये आहे. आंब्याच्या पिकावरही आमच्याकडं नाही. साठवून खाता येईल असं पोटभरीचं धान्य, खजूर आणि द्राक्षं यांवर ती आहे. पण आंबा विकून आलेला पैसा वर्षभर टिकला तर तो मोजायचा. कंपनीचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, भारतातल्या आयकराचं एप्रिलमध्ये, आणि जकातीचं माझं वर्ष रमजान ते रमजान, ३५४ दिवसांचं. तिन्ही वर्षं मी एकाच वहीत सांभाळतो. हिशेब हा पेशाच असल्यामुळं रक्कम काढायला मला एक संध्याकाळ पुरते. खरा विचार त्यानंतर सुरू होतो.

आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. भारतातले बाकीचे बरेचसे हनफी आहेत, पण मलबार, भटकळ आणि आमचा किनारा यांचं अरब व्यापाऱ्यांशी समुद्रावरचं जुनं येणंजाणं, त्यामुळं त्यांचा मजहब इथं रुजला. या मजहबात जकातीबद्दल एक कडक नियम आहे. माल ज्या ठिकाणी आहे तिथं घेणारे गरजू असतील, तर त्याची जकात तिथून हलवायची नाही. हनफी इतके कडक नाहीत. दुसरीकडं नेणं त्यांनाही पसंत नाही, पण नातेवाइकांसाठी किंवा जास्त गरजूंसाठी नेली तर त्यांची हरकत नसते. ज्यांच्या नावानं आमचा मजहब चालतो ते इमाम शाफई स्वतः आयुष्यभर परमुलखात राहिले. ७६७ साली गाझात जन्म, बालपण मक्केत, शिक्षण मदिनेत, नोकरी येमेनमध्ये, अध्यापन बगदादमध्ये आणि ८२० साली मृत्यू इजिप्तमध्ये. एका जागी न राहिलेल्या माणसाच्या मजहबात मालाला मात्र जागा बांधून दिलेली आहे, याचा मी पुष्कळ विचार करतो.

या नियमाच्या मुळाशी एक हकीकत आहे. प्रेषितांनी मुआज इब्न जबल यांना येमेनला पाठवलं तेव्हा बजावलं, की तिथल्या सधनांकडून घ्यायचं आणि तिथल्याच गरिबांना परत करायचं. पुढं खलिफा उमर यांच्या काळात मुआज यांनी येमेनच्या जकातीचा तिसरा हिस्सा मदिनेला धाडला. उमर यांनी हरकत घेतली. वसुली करून माल इकडं पाठवायला तुम्हाला नेमलेलं नाही, असा त्यांचा रोख होता. मुआज यांनी कळवलं, की इथं घेणारा कुणी उरला असता तर मी पाठवलंच नसतं. पुढच्या वर्षी निम्मी आली, त्याच्या पुढच्या वर्षी सगळी, आणि दर वेळी तीच झडती झाली. अबू उबैद यांच्या ‘किताबुल अमवाल’मध्ये हे नोंदलेलं आहे. मदिना राजधानी होती. तिथं गरीब नव्हते असं थोडंच आहे? तरीही येमेनच्या गरिबांच्या आधी राजधानीला हात पुढं करता येत नव्हता. मला यात नुसती वाटपाची सोय दिसत नाही. ज्या माणसांच्या मध्ये राहून पैसा मिळाला, त्यांच्यातल्या दुबळ्यांचा त्याच्यावर पहिला हक्क, हे त्यात सांगितलेलं आहे. येमेनचा व्यापारी एकट्याच्या अकलेवर श्रीमंत झालेला नसतो. त्याचे उंट कुणीतरी चारलेले असतात, त्याची विहीर कुणीतरी खणलेली असते.

पण उंट आणि खजूर कुठं आहेत हे डोळ्यांना दिसतं. माझा माल कुठं आहे? एका सुट्टीत मी गावच्या खतीबसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “पैसे चिपळूणच्या बँकेत ना? मग माल चिपळूणला. यात शंका कसली?” ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मिसरी सहकारी बसतो, तोही शाफई. त्याचं म्हणणं, बँकेतला पैसा हा मालकाच्या खिशातलाच. तू मोबाइलवरून तो हवा तेव्हा हलवतोस. तू फहाहीलला, तर पैसाही फहाहीलला. दोघं एकाच मजहबाचे, एकच नियम सांगणारे, आणि निकाल उलटे.

हिशेबनीस म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. बँकेतली शिल्लक म्हणजे तिजोरीत माझ्या नावानं बांधून ठेवलेल्या नोटा नव्हेत. ते बँकेकडून माझं येणं आहे. मी भरलेला पैसा शाखेत थांबतच नाही, तो कुणाच्या ट्रॅक्टरला, कुणाच्या फ्लॅटला कर्जाऊ गेलेला असतो. माझ्या नावापुढं एक आकडा उरतो आणि मागितला की तेवढं देण्याचं बँकेचं वचन उरतं. वचनाचं गाव कुठलं म्हणायचं? शाखेचा आयएफएससी कोड चिपळूणचा, म्हणून चिपळूणच्या गरिबांचा हक्क पहिला, असं मानलं तर धर्माचा निर्णय आपण बँकेच्या कोडवर सोडून दिला. उद्या मी एक अर्ज देऊन तेच खातं मुंबईच्या शाखेत हलवलं, तर त्या अर्जासरशी हक्कदार बदलायचे का? आणि मोबाइलवरून पैसा हलवता येतो म्हणून तो माझ्यासोबत फिरतो असं म्हटलं, तर मी उमऱ्याला गेलो असताना वर्ष पुरं झालं तर जकात मक्केची होईल. खतीबसाहेबांच्या आणि मिसऱ्याच्या ज्ञानाचा मला आदर आहे. पण दोघंही पैसा पडून कुठं आहे हेच बघतात.

मला वाट सापडली ती परकीय चलनाच्या कायद्यात. १९९९चा फेमा कायदा आम्हा अनिवाशांचे व्यवहार ठरवतो. एकाच शाखेतले, एकाच माणसाचे, एकाच रुपयातले पैसे आम्ही दोन खात्यांत ठेवतो ते त्याच्यामुळं. पैसा कुठं पडून आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो विचारतो, कमावलास कुठं? एनआरईतला रुपया चिपळूणच्या शाखेत कितीही वर्षं राहिला, तरी तो बाहेर मिळवलेला, ही नोंद त्याच्यावरून पुसत नाही. कायद्यानं हे चलनाच्या व्यवस्थेसाठी केलं, त्याला धर्माशी देणंघेणं नाही. पण मुआज यांच्या हकीकतीतला प्रश्नही हाच आहे: हा माल कुठल्या लोकांमध्ये राहून मिळाला? जुन्या काळी माल जिथं मिळायचा तिथंच बहुधा असायचा, म्हणून दोन्ही जागा वेगळ्या सांगायची गरज पडली नसावी. आज त्या वेगळ्या झाल्यात, तर निवड करावी लागेल, आणि मी मिळवण्याची जागा धरतो. म्हणून माझ्या एनआरओतल्या पैशाची जकात चिपळूणला जाते आणि एनआरईतल्या पैशाची कुवेतला दिली जाते. मी आलिम नाही, फतवा देत नाही. माझ्या पैशाचा जाब मलाच द्यायचा आहे, म्हणून हा माझ्यापुरता निर्णय.

यावर पहिली हरकत अम्माची होती. “मग तुझ्या फुफीला मी काय सांगू? ती रमजानची वाट बघत असते.” फुफी विधवा आहे, मुलगा हाताशी नाही. आमच्या घरची जकात वर्षानुवर्षं तिला जायची. एनआरओतली जकात आजही तिलाच जाते, पण ती थोडी. तेव्हा मला पगारातून दरमहा वेगळी रक्कम तिच्या खात्यात घालावी लागली. ती जकात नव्हे, भाच्यानं फुफीला दिलेले पैसे. यात माझा खर्च वाढला, तो वाढायलाच हवा होता. नातेवाइकाला दिलेल्या दानाचा सवाब, म्हणजे पुण्य, दुहेरी असतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय आणि मानतोही. पण आम्ही त्याचा वापर कसा करतो? जवळच्या माणसाचा सांभाळ हे एक देणं, गरिबाचा हक्क हे दुसरं देणं, आणि आम्ही एकाच रकमेत दोन्ही फेडतो. शिवाय फुफीला दरवर्षी स्वतःला गरिबांत मोजून घ्यावं लागायचं. दरमहाचे पैसे सुरू झाल्यापासून ती फोनवर मला चार गोष्टी सुनावते, बायकोची चौकशी करते, कलमांना खत घातलं का विचारते. आधी ती फक्त दुवा द्यायची.

दुसरी हरकत चाचाची, आणि ती जास्त जड आहे. चाचा १९९० साली कुवेतमध्ये होता. २ ऑगस्टला इराकी फौजा घुसल्या. तो बगदादमार्गे जॉर्डनला पोचला आणि अम्मानहून विमानानं मुंबईला आला. त्या दोन-अडीच महिन्यांत एअर इंडियानं अशा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना आणलं. त्याच्या बनियनच्या आतल्या खिशात शिवलेले कुवेती दिनार होते. इराकनं आधी कुवेती दिनार आपल्या दिनाराच्या बरोबरीचा ठरवला आणि मग तो चलनातूनच काढला. अम्मानमध्ये त्या नोटांना कुणी हात लावेना. मुक्ततेनंतर मार्च १९९१मध्ये कुवेतनं नव्या नोटा काढल्या आणि जुन्या मागं घेतल्या. संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून चाचाला पुढं काही डॉलर मिळाले, त्याच्या आयुष्याची घडी काही तेवढ्यानं बसली नाही. तो म्हणतो, “जो मुलूख आपल्याला ठेवून घेत नाही, त्याचं आपण काय देणं लागतो? आज नोकरी गेली तर महिन्यात तुला घालवतील. पैसा गावी, जकातही गावी.”

चाचाचं दुःख खरं आहे. पैशाचं वचन राज्य उभं असेतोवरच टिकतं, हे त्यानं अंगावर सोसलंय. त्याच्या वडिलांच्या काळात तर या किनाऱ्यावर आपलाच रुपया चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर असलेल्या. कुवेतनं १९६१मध्ये स्वतःचा दिनार आणला, एका दिनाराला सव्वातेरा रुपयांहून थोडे जास्त. आज अडीचशेच्या वर मोजावे लागतात. चलन आणि राज्यं अशी बदलतात, तेव्हा गावाकडं बघूनच जीव शांत होतो, हे मला समजतं. पण मी देणं लागतो ते कुवेतच्या सरकारचं नाही. इथं मिळवलेल्या पैशावर ज्यांचा हक्क आहे, त्यांनाही हा मुलूख ठेवून घेत नाही. ते माझ्यासारखेच परके आहेत, माझ्याहून कितीतरी जास्त गरीब.

आमच्या इमारतीचे जिने एक माणूस धुतो. नोआखालीकडचा, पन्नाशीला टेकलेला. सफाई कंपनीचा निळा गणवेश, पायात प्लास्टिकच्या चपला. सत्तर-पंच्याहत्तर दिनार पगार, तोही कधी महिना-दीड महिना उशिरा. व्हिसासाठी त्यानं गावच्या सावकाराकडून कर्ज काढलं होतं, ते अजून फिटायचंय. शुक्रवारी जुम्म्यानंतर फहाहीलच्या एक्सचेंजमध्ये आम्ही भेटतो. रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच चौकशी, “रेट काय चाललाय?” रुपया किंवा टका घसरला की रांग वाढते. एकदा त्याचा फॉर्म मी भरून दिला. बोटाचा ठसा आणि नाव त्याचं, बाकी अक्षरं माझी. पैसे पाठवण्याचं कारण या रकान्यापाशी मी थांबलो, तर त्यानंच पुढं होऊन सांगितलं, “फॅमिली.” माझ्याही फॉर्मवर तेच असतं, घरखर्चासाठी. पुढचा-मागचा प्रत्येकजण तेच लिहितो. त्यानं पन्नास दिनार पाठवले. उरलेल्यात तो महिना काढणार होता. त्या चिठ्ठीची घडी घालून त्यानं ती सिव्हिल आयडीच्या पाकिटात ठेवली आणि मला चहा पाजायचा हट्ट धरला.

कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत. त्यांत फकीर आणि मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेला आहे आणि वाटेवरचा प्रवासीही आहे, घरी कदाचित काही असेल पण इथं ज्याच्या हाती काही नाही असा. हा माणूस यांतल्या किती रकान्यांत बसतो ते बघा. आणि तो माझ्या जिन्यावर आहे. त्यानं जिना धुतला नाही, त्याच्यासारख्यांनी सळया वाहिल्या नाहीत, तर माझ्या कंपनीला काम नाही आणि मला पगार नाही. माझ्या वहीतला प्रत्येक दिनार अशा लोकांच्या हाताखालून आलेला आहे. १२ जून २०२४ला मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांत बहुतेक आपल्या देशातली. मंगाफ इथून जवळच आहे. धुरानं काळवंडलेल्या त्या खिडक्या मी पाहिल्या, आणि ज्या खोल्यांत ही माणसं दाटीवाटीनं झोपतात त्या खोल्या माझ्या शेजारात मोडतात की नाहीत, याबद्दल मनात काही उरलं नाही.

इथं परवानगीशिवाय वर्गणी गोळा करायला बंदी आहे, त्यामुळं मी कुणाकडून जमवत नाही. स्वतःची जकात स्वतः हातात देतो, काही भाग सरकारी जकात गृहात भरतो. ते १९८२पासून चालू आहे. देताना जकात आहे असं सांगायची सक्ती नसते, मी सांगत नाही. एक अडचण मात्र आहेच. आमच्या बहुतेक आलिमांच्या मते जकात मुसलमानालाच द्यायची, आणि सळई बांधणाऱ्यांत तेलंगणाचे, बिहारचे, नेपाळचे हिंदूही आहेत. तिथं मी सदका, म्हणजे ऐच्छिक दान, देतो. सदक्याला धर्माची अट नाही. मी नियम मोडत नाही, पण सदक्याची रक्कम जकातीच्या मानानं क्षुल्लक राहू नये हे कटाक्षानं बघतो. भूक विचारून लागत नाही.

हीच कसोटी मी गावालाही लावतो. रत्नागिरीच्या कित्येक बागांत आज राखणीला नेपाळी माणसं असतात. आमच्या कलमांतही एक आहे. बायको-पोरांसह बागेतल्या खोपीत राहतो, हंगामात रात्री जागून वानरं आणि चोर दोन्ही हाकलतो आणि साठेल ते नेपाळला पाठवतो. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे बंगले कुलूपबंद आहेत, मशिदीला नवी फरशी बसलीय, आणि आखातातून येणारी जकात आपसातच फिरते. बागेच्या पलीकडं कातकऱ्यांची वाडी आहे. कुवेतनं मला जसं वागवावं अशी माझी इच्छा आहे, तसं माझं गाव त्या राखणदाराला वागवतं का? एनआरओत येणारा आंब्याचा पैसा त्याच्या जागरणातून आलेला आहे. त्या पैशावरचा सदका आधी त्याच्या खोपीत आणि कातकरीवाडीत जातो.

व्याजाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विचारणारे बरेच असतात. एनआरईच्या मुदत ठेवीवर करमुक्त व्याज मिळतं, मॅनेजरसाहेब दर भेटीत सुचवतात, आणि मी ठेवत नाही. रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध, हे माझ्यासाठी पक्कं आहे. एनआरईत चालू खातंही उघडता येतं, त्याला व्याज नसतं. बचत खात्यावर जे काही आपोआप जमा होतं ते काढून मी सवाबाची अपेक्षा न ठेवता गरजूंना देतो, जकातीत कधीच धरत नाही. बिनव्याजी बँकिंगची शिफारस भारतात २००८च्या रघुराम राजन समितीनं केली होती, पण २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेनं ते पुढं न नेण्याचं ठरवलं. कुवेतमध्ये १९७७पासून तशी बँक आहे, आणि इथली माझी बचत मी नफ्या-तोट्यात वाटा असलेल्या खात्यात ठेवतो. मुदत ठेवीवर घर चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी कधी दोष दिलेला नाही.

आता परतीचे वेध लागलेत. कायमचा भारतात आलो की मी निवासी होईन. एनआरई खातं निवासी करून घ्यावं लागेल, किंवा पैसा परकीय चलनातच ठेवायचा तर आरएफसी खात्यात. इंडेम्निटीही एकरकमी हातात येईल. त्या रमजानात मी चिपळूणला असेन, सगळा पैसाही तिथंच असेल, आणि खतीबसाहेब व मिसरी सहकारी पहिल्यांदाच एकमत होतील: जकात चिपळूणची. माझा विचार वेगळा आहे. त्या शिल्लकेवर पडणारी पहिल्या वर्षाची जकात मी निघण्याआधीच, आगाऊ, फहाहीलमध्ये देऊन येणार आहे. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याइतकी शिल्लक, पुरा असेल तर जकात वर्ष भरण्याआधी देता येते. धाकटा भाऊ म्हणतो, मोहल्ल्यात पहिल्याच वर्षी लोक नावं ठेवतील, निदान अर्धी तरी इकडं दे. अम्मा यावर काही बोललेली नाही. फुफीनं मात्र फोनवर विचारलं, त्या जिनेवाल्याचं कर्ज किती राहिलंय. आकडा मला माहीत नव्हता. येत्या शुक्रवारी एक्सचेंजमध्ये त्याला विचारणार आहे.